एक हात अंतर

लेखनिक कामाला लागला त्याच आठवड्यात डॉ. शरयू खाडिलकर यांचा उजवा हात लहान होऊ लागला. लहान म्हणजे वयाने. डावा हात त्यांच्याबरोबर साठीतच राहिला. उजव्यावरचे तपकिरी डाग मात्र आधी गेले, मग शिरा आत गेल्या, आणि शनिवारी आंघोळ करताना त्यांनी ओळखलं की हा आपला लग्नातला हात आहे. चुडा भरताना काच लागली होती, तो ओरखडा मनगटावर ताजा होता.

फक्त मधल्या बोटावरचा घट्टा जागेवर होता. जिथे पेन टेकतं तिथे तीस वर्षं केसपेपर लिहून आलेला, वाटाण्याएवढा, कडेने शाईने निळसर झालेला. शरयूताईंनी तो अंगठ्याने चाचपला आणि त्यांना जरा बरं वाटलं.

मिरजेत त्यांचा मनोविकारांचा दवाखाना होता. येणारा माणूस बोलायचा, त्या ऐकायच्या आणि लिहायच्या. राहिलेलं संध्याकाळी लिहायच्या, पार जेवणं निवेपर्यंत. "आई, डोळे जातील तुझे," असं म्हणून पुण्याच्या मुलीने, गार्गीने, लेखनिक आणून टेबलावर ठेवला होता. साबणाच्या डबीएवढी पांढरी वस्तू. डॉक्टर आणि पेशंट काय बोलतात ते तो ऐकायचा, आणि पेशंट जिना उतरेपर्यंत केसपेपर तयार. शरयूताईंनी वाचायचा, चूक असली तर दुरुस्त करायची, खाली सही करायची. चूक सहसा नसायची. त्यांनी शोधली नाही असं नाही.

पेशंटला आधी विचारायचं, हा नियम त्यांनी स्वतः घातला होता.

"काकू, हा आपलं बोलणं ऐकून लिहून घेणार आहे. चालेल ना?"

"चालंल की," मगदूम काकू म्हणाल्या. "कुणीतरी ऐकंल."

"मी ऐकतेच की हो, इतकी वर्षं."

"ऐकताय हो. पण लिवताना मान खाली. तुमचा भांगच दिसतोय मला. पाठ झालाय बघा भांग."

त्या दिवशी काकू नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलल्या. मोकळ्या झालेल्या शरयूताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि काकू डबीकडे बघत होत्या.

पुढे असंच होत गेलं. आत येणारा माणूस खुर्ची थोडी डबीकडे वळवून बसायचा. पूर्वी डॉक्टरांसाठी म्हणून यायच्या त्या वालाच्या शेंगा, पेरू, घरची चटणी आता डबीपुढे ठेवली जाऊ लागली. "लेखनिकभाऊ जेवत नसतो हो," असं शरयूताई हसून म्हणायच्या आणि पेरू आपल्या पिशवीत टाकायच्या. घरी तो पेरू तुरट लागायचा.

मगदूम काकू दर थंडीला शरयूताईंसाठी काहीतरी विणून आणत. या थंडीला त्यांनी पिशवीतून बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर काढला आणि डबीवरून चढवला. गळ्यातून डबी तेवढी वर राहिली. खाली नुसती लोकर टेबलावर पसरली.

"एवढ्याशा डबीला केवढा हा स्वेटर, काकू!"

"वाढत्या अंगाचा केलाय."

सकाळी रोझलीन सिस्टरने दवाखाना उघडला तेव्हा स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत भरल्या होत्या.

"मॅडम, अंग धरतोय," सिस्टर म्हणाली आणि फडक्याने टेबल पुसताना बाह्या हलकेच उचलून पुन्हा खाली ठेवल्या.

शरयूताईंचा हात तोवर कॉलेजात पोचला होता. केसपेपर आले की त्या मुद्दाम दोन ओळी स्वतः लिहून बघायच्या. अक्षर गोल, उताविळ आलं. हात आणखी उतरला तेव्हा सहीच बदलली. खाली 'शरयू दाते' उमटलं. हे त्यांचं माहेरचं नाव. रोझलीनने ते वाचलं.

"मॅडम, ह्या कोण?"

"मीच."

"मेडिकलवाला औषध देणार नाही ह्या सहीवर."

घट्टा त्याच सुमारास मऊ पडला, आणि एका सकाळी तो नव्हता. बोट तिथे कोवळं, गुळगुळीत होतं. शरयूताईंनी घरातल्या चादरी झटकल्या, उशीचे अभ्रे उलटे केले. घट्टा सापडला नाही.

त्यांनी गार्गीला फोन लावला.

"आई, वापर कमी झाला की असं होतं," गार्गी म्हणाली. "हाताला जरा आराम मिळतोय. तू संध्याकाळी मोकळी असतेस ना आता?"

"असते."

"मग काय करतेस?"

"त्याने काय लिहिलंय ते वाचते."

"छान लिहितो ना?"

शरयूताईंनी फोन डाव्या हातातून उजव्यात घेतला. उजव्याला तो पेलेना.

हात चौथीत आला तेव्हा जोडाक्षरं गेली. दुसरीत आला तेव्हा सही गेली. रोझलीनने शाईचा पॅड आणला, झाकण उघडलं आणि पुढे सरकवला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. शरयू खाडिलकर केसपेपरवर अंगठा देऊ लागल्या. ठसा मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा यायचा. स्वेटरच्या बाह्यांतून आता मनगटं बाहेर आली होती आणि मनगटांना हात होते. ठसा वाळेपर्यंत लेखनिक कागदाची कड बोटाने दाबून धरायचा. त्याच्या मदतीने शरयूताईंची कानशिलं तापायची.

पेशंट म्हणून येणाऱ्या पाटलांच्या सुनेने त्याला कॅनव्हासचे बूट आणले. दोन दिवसांत तो त्यांत उभा राहिला. मान नव्हती. स्वेटरच्या गळ्यातून डबी वर यायची, त्यामुळे कायम काहीतरी ऐकायला उंच झालेल्या मुलासारखा तो दिसे.

हे सगळं शरयूताईंनी सोसलं असतं. पण गुरुवार तारामतीबाईंचा होता.

तारामती गुरव शाळेत पहिलीच्या बाई होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी हात धरून गिरवायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर एका सकाळी त्या बोलायच्या थांबल्या आणि तेव्हापासून नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या. सून त्यांना दर गुरुवारी घेऊन येई आणि बाहेर बसे. आत शरयूताई काही विचारायच्या, थांबायच्या, मग 'आज शांत' असं लिहायच्या. औषधं बदलून झाली, सांगली-पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवून झालं. शेवटी शरयूताईंनी ठरवलं होतं की बसायचं. बाई कधीतरी बोलतील, आणि तो पहिला शब्द बोलतील तेव्हा समोर आपण असू. नऊ वर्षांत बाकी पुष्कळ गोष्टी त्यांनी देवावर सोडल्या होत्या, ही सोडली नव्हती.

बाई 'चालेल' म्हणू शकत नव्हत्या, म्हणून इतके महिने त्यांच्या गुरुवारी लेखनिक बाहेर असायचा; शेवटी सुनेने हो म्हटलं, आणि त्या पहिल्याच गुरुवारी त्याने लिहिलं: 'पेशंट शब्दाने बोलल्या नाहीत. दोनदा श्वास आत घेऊन थांबल्या, बोलण्याआधी घेतात तसा. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या खुर्चीचा आवाज झाला. श्वास सोडून दिला.'

शरयूताईंनी ते वाचलं. मग जुने सगळे गुरुवार काढून बघितले. आज शांत. आज शांत. आज शांत. त्यांच्याच अक्षरात, मान खाली घालून लिहिलेले.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बाई इतकी वर्षं श्वास घेत होत्या आणि तो याला पहिल्याच दिवशी ऐकू आला. आता शब्दही यालाच मिळणार. बाहेर कुणी विचारलं तर बाई लेखनिकापाशी बोलल्या असंच म्हणतील लोक.

पुढच्या गुरुवारी बाई यायच्या आधी त्यांनी लेखनिकाला काखेत धरून उचललं. तो हलका होता आणि त्याने पाय जवळ घेतले. औषधाच्या काचेच्या कपाटातला खालचा कप्पा त्यांनी रिकामा केला होता. त्यात त्याला बसवलं, काच सरकवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"मॅडम, आज कोण लिहिणार?" रोझलीनने विचारलं.

"मी."

रोझलीनने त्यांच्या हाताकडे बघितलं. मग स्टेपलरशेजारची पेन्सिल काढली, टोक करून त्यांच्यापुढे ठेवली आणि दार ओढून घेतलं.

तारामतीबाई समोर बसल्या. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. शरयूताईंनी कोरा कागद डाव्या हाताने दाबून धरला आणि उजव्यात पेन्सिल घेतली. हात आता बालवाडीतल्या मुलीचा होता, पालथ्या बाजूला चार खळ्या असलेला. बोटांत पेन्सिल राहीना. त्यांनी ती मुठीत धरली, रवी धरावी तशी.

या वेळी त्यांनी मान वर ठेवली. खुर्ची अजिबात हलवली नाही.

तारामतीबाईंची नजर खिडकीवरून निघाली, उन्हावरून टेबलावर आली आणि त्या मुठीवर थांबली. कपाळाला एक आठी पडली. पेन्सिल अशी धरलेली त्यांना जन्मात बघवली नव्हती. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं खडूने पांढरी होती, नऊ वर्षांनंतरही. तो हात टेबलावरून शरयूताईंच्या हाताकडे येऊ लागला, आणि बाईंनी श्वास आत घेतला.

शरयूताईंना तो ऐकू आला.

मागे काच सरकल्याचा आवाज झाला. कुलूप होतं तसंच होतं. कॅनव्हासचे बूट फरशीवरून चालत आले आणि टेबलाच्या कडेला थांबले. हिरव्या बाहीतून हात वर आला, शरयूताईंच्या हाताशेजारी टेकला. त्या हातातही पेन्सिल होती. तीही मुठीतच होती. इतके महिने तो लिहीत होता, पण पेन्सिल त्याने कधीच धरली नव्हती.

बाईंचा हात दोन मुठींच्या मध्ये हवेत थांबला.

"बाई, आधी माझा," शरयूताई म्हणाल्या. आवाज वर चढला तो त्यांना आवरेना. "बाई, मी नऊ वर्षं बसलेय! हा आत्ता आलाय. याला कुणी बोलावलंपण नव्हतं, बाई!"

लेखनिकाने मूठ तेवढी थोडी पुढे सरकवली.

"बघा ना, बाई, तो ढकलतोय!"

तारामतीबाईंनी दोघांकडे बघितलं. श्वास अजून आतच होता. मग त्या म्हणाल्या,

"रांगेत."

आवाज घोगरा होता, पण वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा. बाहेर सुनेच्या हातातून काहीतरी पडलं. कागदावर काहीही उमटलं नाही. लेखनिकाने तो शब्द लिहिला नाही, शरयूनेही लिहिला नाही. ती लगेच खुर्चीवरून उतरली होती.

ती टेबलाला वळसा घालून आली तोवर लेखनिक बाईंच्या खुर्चीपुढे जाऊन उभा होता. त्याला फक्त तीन पावलं टाकायची होती. शरयू त्याच्या मागे उभी राहिली. त्याच्या स्वेटरला कोवळी लोकर होती, मगदूम काकूंच्या हातची, आणि ती लोकर खरं तर तिच्यासाठी यायची होती.

"एक हात अंतर घ्या," बाई म्हणाल्या.

शरयूने उजवा हात पुढे करून लेखनिकाच्या खांद्यावर ठेवला. हात इतका आखूड होता की तिला अगदी त्याच्या पाठीशी खेटून उभं राहावं लागलं. स्वेटरखाली खांदा होता, कुठल्याही मुलाचा असतो तसा, ऊबदार. पुढे बाईंनी त्याची मूठ हातात घेऊन एकेक बोट सोडवायला सुरुवात केली होती. तिला काही दिसत नव्हतं. तिने टाचा उंचावल्या, एकदा या बाजूने डोकावून बघितलं, एकदा त्या बाजूने.

"बाई, त्याचं झालं का?"

"मान सरळ," बाई म्हणाल्या.

तिने मान सरळ केली. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पूर्ण एक हात अंतर घेऊन. हात मोठा होता, जड होता, त्याला शाईचा वास होता. मधलं बोट जिथे टेकलं, तिथे पदरावरून तिला तो घट्टा रुतला, वाटाण्याएवढा.