आतून झिजलेले टायर

प्रशांतकुमार माझा पोटचा मुलगा, पण त्या आठवड्यात त्याचं वागणं मला मुळीच आवडलं नव्हतं. फार गोड वागत होता. सकाळी उठला की "अव्वा, गोळी घेतलीस का?" जन्मात स्वतःचं ताट न उचलणारा माणूस माझ्या पायाजवळ चपला आणून ठेवायला लागला. मी तेव्हाच ओळखलं, ह्यानं काहीतरी करून ठेवलंय.

काय, ते कळायच्या आत त्यानं बंडेप्पाचं नाव पुढं केलं. बंडेप्पा आमचा ड्रायव्हर. आमची जीप चारही चाकांना जोर लावणारी, पावसाळ्यात शेताच्या काळ्या मातीत रुतली तरी निघते. प्रशांतनं मागं मंठाळच्या वेशीत ती एका म्हशीला घासली, तेव्हापासून त्याला स्टिअरिंग बंद. चावी बंडेप्पाकडं.

"बघ तुझ्या बंडेप्पाचं काम," प्रशांत गल्लीत, चार लोकांसमोर ओरडला. "दसऱ्याला चारी टायर नवे टाकलो आपण. मागचे बघ, कसे नवेकोरे हायत. आन् पुढचे? आतून तारा दिसायल्यात! ह्यानं नवे विकून कुणाचेतरी जुने बसवलाय. चोर हाय हा. उद्यापासनं नको कामाला."

बंडेप्पाचा चेहरा उतरला. "न्हाई अक्का, मी टायर काढलो न्हाई. गाडी डावीकडं ओढायलीय. ह्या अप्पांनाच सांगितलो व्हतो मी."

"कधी सांगितलास रे?" प्रशांत त्याच्या अंगावर धावला.

बंडेप्पानं मान खाली घातली. मला त्या गप्प बसण्याचाही संशय आला. खरं बोलणारा माणूस मान खाली कशाला घालील?

पण एक गोष्ट त्या दोघांनाही माहीत नव्हती. आमची भांडी मठात दासोहाला, सगळ्या गावाच्या जेवणाला, जातात. गावभरची पातेली तिथं एकत्र होतात, म्हणून आमच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला तीन टिंबं असतात. दसऱ्याला नवे टायर अंगणात पूजेला मांडले होते. विभूती लावता लावता मी चारहींच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगानं तीन तीन टिंबं काढून ठेवली. कुणाला बोलले नाही. सगळ्यांना सांगून केलेली खूण काय कामाची?

मी पदर खोचला आणि चाकापाशी बसले.

"अव्वा, साडी मळंल."

"मळू दे. तुला धुवायला सांगत न्हाई."

वाळलेला चिखल नखानं खरवडला. डाव्या टायरला तीन टिंबं. उजव्यालाही तीन. टायर आमचेच. मग बाहेरून एवढे चांगले आणि आतून चाटल्यासारखे कसे? हात फिरवून पाहिला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला तर खवणीसारखा बोचतो. तिफणीची दांडी वाकडी बांधली की बैल चालतो पुढंच, पण मान एकाच बाजूला सोलते. हा टायर तसा चालला होता. फिरत नव्हता, फरफटत होता.

"हुमनाबादला चला," मी म्हणाले. "तिथं हायवेला चाकं तपासणारा हाय म्हणं."

"हुमनाबाद कामून?" प्रशांत लगेच बोलला. "बसवकल्याणला जाऊ की. तिथला माणूस लई चांगला हाय, अव्वा."

ज्याला कालपर्यंत टायर आणि ट्यूब सारखीच होती, त्याला आज मेस्त्रीही ओळखीचा झाला.

"मग तर हुमनाबादलाच. आन् तूबी बस."

हायवेवर लॉरीवाल्यांच्या ढाब्याला लागून सिद्धलिंगप्पाचं दुकान. गाडी थांबली तसा प्रशांत फोन कानाला लावून आतच बसला. फोनवर पलीकडं कुणीच बोलत नव्हतं, मला ऐकू येत होतं.

"उतर," मी म्हणाले.

तो उतरला आणि सिद्धलिंगप्पा हसला. "काय अप्पा, स्टिअरिंगचा रॉड न बदलता परत आलात? मी म्हणालो व्हतो का न्हाई, दुभाजकाला ठोकल्यावर रॉड वाकलाय, तसंच पळवलात तर टायर खाऊन टाकील?"

मी प्रशांतकडं पाहिलंच नाही. "नीट सांगा मला," म्हणाले.

"अम्मा, पुढची दोन्ही चाकं बाहेर तोंड करून चालल्यात. म्हणून टायर आतून गेले. आन् ही फोर व्हील गाडी. पुढचे टायर झिजून बारके, मागचे मोठे. चिखलातनं निघून पक्क्या रस्त्यावरबी चारीला जोर ठेवलात की आतले गिअर एकमेकांना ओढतात. तेबी गेले असते थोड्या दिसांत."

"त्या दिवशी कोण आणलं व्हतं गाडी?"

"हेच की. एकलेच."

मागं एकदा बंडेप्पा पाहुण्यांकडं संतपूरला गेला होता, तेव्हा चावी देवघरात ठेवून गेला होता. देवाला कधी हात न जोडणारा माझा मुलगा त्या दिवशी देवघरात कशाला गेला, ते आता कळलं.

"तू कामून बोलला न्हाईस रे?" मी बंडेप्पाला विचारलं.

"तुमच्या लेकाला तुमच्यासमोर खोटा कसा म्हणू, अक्का?"

प्रशांत पुढं आला. हळूच म्हणाला, "अव्वा, घरी गेल्यावर बोलू आपण. इथं नको."

"इथं न्हाई, बरोबर हाय," मी म्हणाले, मेस्त्रीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ज्या गल्लीत त्याला चोर म्हणलास, त्याच गल्लीत, तेवढ्याच मोठ्यानं वरडायचं, 'गाडी मी ठोकलो, बंडेप्पा चोर न्हाई.' माझ्या कानात येऊन कुजबुजलेलं चालणार न्हाई. चावी त्याच्याकडंच राहील. आन् एवढं होईस्तोवर माझ्या चपलांना हात लावायचा न्हाई. माझ्या मी घालते."