नळ आला की गाडी रुसते

आमची मोटारसायकल रोज रुसत नव्हती, हीच तर अडचण होती. रोज रुसली असती तर तिचं दुखणं केव्हाच सापडलं असतं. पण बाईसाहेब मधूनच रुसायच्या. आज पहिल्या किकला सुरू, आणि उद्या आबा घामाघूम, शर्ट पाठीला चिकटलेला, गाडी ढिम्म!

आबा म्हणजे माझे वडील. ते गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. कुठं गाय अडली, कुठं म्हशीचं पोट फुगलं की जळगावात मेहरूणच्या आमच्या घरून निघून खेड्यात पळायचं. गेल्या एप्रिलात गाडी अशीच रुसली, आबांना शिरसोलीला पोचायला उशीर झाला आणि एक वासरू गेलं. त्या दिवशी आबा नीट जेवले नाहीत. म्हणाले, "विकून टाकतो. रविवारी धुळ्याचा भाईदास बघायला येतोय."

मी ताट तसंच ठेवून उठले. कारण आबांनी मला शब्द दिला होता, "विशाखा, दहावी झाली की तुला गाडी शिकवीन." आमच्या अख्ख्या गल्लीत असा शब्द कुणा पोरीला मिळाला नव्हता. मी तो शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकला होता! गाडीच गेली तर शिकणार कशावर? खाटेवर?

मग मी थेट नूर महंमद चाचांचं गॅरेज गाठलं. आमची गाडी तेच बघायचे.

"माझ्याकडे आली की एकदम शरीफ," चाचा म्हणाले. "प्लग बदलला, पॉइंट घासले. एकदा कार्बोरेटरमध्ये पाणी निघालं. म्हटलं, पंपावर पेट्रोलात पाणी असेल. तुझ्या आबांनी पंप बदलला, तरी हिचे नखरे चालूच."

"पाणी निघालं हे कळतं कसं?"

चाचांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी कार्बोरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू दाखवला. तो सैल केला की आतलं खाली येतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळच्या किकला इंजिनला आधी पाणीच मिळतं.

आता पाणी येतं कुठून, या प्रश्नानं माझं डोकं खाल्लं. आमच्या बेबाआत्याचं उत्तर तयार होतं, "कोनी तरी नजर लावी दिधी, दुसरं काय!" मी मागचे दिवस बोटांवर मोजले, तर गाडी दर वेळी दोन दिवसांआडच रुसली होती. नजर असती तर ती अशी नेमून दिल्यासारखी कशी लागली असती?

शनिवारी संध्याकाळी नळ आला. आमच्याकडे तो दोन दिवसांआड येतो, तेव्हा गल्लीत नुसता कळशा-बादल्यांचा खणखणाट. सगळं भरून झाल्यावर आत्यानं एक गोणपाट बादलीत बुचकळलं आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या टाकीवर पसरलं. हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी जागच्या जागी उभी राहिले.

"आत्या, हे रोज करतेस?"

"रोज कोठून पानी? नळ येस तव्हयच. टाकी कितली तापस! पेट्रोल उडी जाई ना पोरी!"

मी गोणपाट उचलून पाहिलं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बरोबर ओल्या गोणपाटाखाली. आणि मला आठवला वरणाचा डबा. गरम वरण भरून झाकण लावलं की थंड झाल्यावर ते उघडता उघडत नाही, कारण आतली हवा आकसते, झाकण आत ओढलं जातं. म्हणजे तापलेली टाकीही थंड होताना त्या भोकातून हवा ओढत असणार. आणि भोकावर पाणी असेल तर?

पण हा नुसता अंदाज. खरं-खोटं सकाळीच कळणार होतं. मी गोणपाट होतं तसं परत ठेवलं.

सकाळी भाईदासभाऊ आले. आबांनी किक मारली. पुन्हा मारली. मारतच राहिले.

"साहेब," भाईदासभाऊ म्हणाले, "गाडी विकताय का व्यायाम करताय?" आणि त्यांनी पिशवी उचलली. "राहू द्या तुमच्याकडंच!"

गाडी वाचली होती! मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण आबा सीटवर हात ठेवून असे उभे होते, की माझ्याच्यानं राहवेना.

"थांबा भाऊ!"

मी काचेचा ग्लास आणि स्क्रू ड्रायव्हर आणला, तळाचा स्क्रू सैल केला. ग्लासात पेट्रोल उतरलं आणि त्याच्या खाली गोटीएवढा एक स्वच्छ थेंब गोल गोल फिरायला लागला. तिघांची डोकी ग्लासावर वाकली.

"हाई काय शे?" आत्या म्हणाली.

"तुझा नळ, आत्या!"

मी गोणपाट, भोक, वरणाचा डबा, सगळं एका दमात सांगितलं. आत्याचा चेहरा पडला. "म्हंजे मीच..."

"अक्का, तू तिला जीव लावत होतीस," आबा म्हणाले आणि हसायलाच लागले. "फक्त जरा जास्त पाजलंस!"

ग्लासात थेंब दिसेनासा होईपर्यंत मी पेट्रोल सोडत राहिले. मग आबांनी किक मारली. गाडी सुरू! भाईदासभाऊंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"ठरलं. आजच घेऊन जातो."

मीच दुरुस्त केली आणि मीच घालवली!

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, चहा घ्या. गाडी विकायची नाही."

"अहो, धुळ्याहून आलोय मी! तुम्ही शब्द दिला होता."

"पोरीला आधी दिलाय."

भाईदासभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही चालवणार? पाय तरी पुरतात का?"

मी लगेच चढून बसले. एका बाजूला टाच टेकली, दुसऱ्या बाजूला फक्त अंगठा.

"दहावीपर्यंत थांबवू नका साहेब," ते मिशीत हसत म्हणाले. "तोवर ही इंजिन खोलेल. चला, संध्याकाळच्या एसटीनं जाईन मी."

चहा झाल्यावर मेहरूण तलावाकडच्या मोकळ्या जागेत आबा माझ्या मागे बसले, आणि गाडी विकत घ्यायला आलेले भाईदासभाऊ धोतर सावरत शेजारून धावत ओरडत होते, "क्लच! अगं, क्लच सोड, हळू सोड!"

क्लच कोणता, हे कुणी सांगितलंच नव्हतं.