रिकामी पिशवी

मंदाकिनीबाई पाटणकरांनी यादीबरोबर साखरेची एक पुडी टाकून पिशवी दोरीने खाली सोडली, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेलं. आवाज झाला नाही. गॅसवरच्या दुधावरची साय तेवढी एका कडेला सरकली आणि पुन्हा जागेवर आली.

गॅलरीतून खाली पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या वर एक नवा मजला आला होता. त्याला खिडक्या नव्हत्या, रंग मात्र बिल्डिंगचाच होता, फिका पिस्ता. पिशवी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबत होती आणि शेवंता खालून मान वर करून तिच्याकडे बघत होती.

"ताई, दोरी कमी पडली की वो!"

"थांब, वाळणीची जोडते," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

टाळेबंदीचा तो दुसरा महिना. अच्युतरावांचं वय अठ्ठ्याहत्तर आणि चालणारं फुप्फुस एकच. दुसरं लहानपणीच्या क्षयाने कधीच निकामी केलं होतं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, बाहेर पडायचं नाही आणि कुणाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कराडातली त्यांची बिल्डिंग तशीही ओस पडली होती, जो तो आपापल्या गावी गेलेला. शेवंताला मात्र जाता आलं नाही. ही साठीची भाजीवाली. तिच्या गावाने वेशीवर बाभळीचे काटे आडवे टाकले, तेव्हा ती हातगाडी घेऊन परत फिरली आणि यांच्याच पार्किंगमध्ये राहिली. रोज सकाळी मंदाकिनीबाई तिच्या पिवळ्या पिशवीतून यादी खाली सोडत. शेवंता गावभर हिंडून तांदूळ, तेल, भाजी, अच्युतरावांच्या गोळ्या आणत असे आणि पिशवी भरली की दोरीला दोन हिसके देत असे. दोन हिसके म्हणजे वर ओढा.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ केला तो मंदाकिनीबाईंच्या सवयीने. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे त्यांना आईने शिकवलं होतं, आणि दुसऱ्याची पिशवी म्हणजे भांडंच. नुसती यादी घालून ती परत पाठवायची त्यांना लाज वाटे. म्हणून साखर. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन खारका पाठवल्या आणि घर सहाव्या मजल्यावर गेलं.

अच्युतरावांनी दार उघडून जिना पाहिला. अकरा पायऱ्या उतरल्या की भिंत होती.

"नव्या मजल्यांना जिना नाही," ते आत येऊन म्हणाले. "म्हणजे कुणी वर येणारच नाही. डॉक्टर खूश होतील."

पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नदीची पातळी मोजली होती, तेव्हा असल्या गोष्टी त्यांना लवकर दिसत. आठवड्याभरात त्यांनी बायकोला समोर बसवलं.

"मंदा, तू खाली काही दिलंस की आपण वर जातो. जितक्या वस्तू, तितके मजले. यादीच्या कागदाने किंवा पैशांनी काही होत नाही, विकतच्या सामानानेही नाही. पण तिने आपण होऊन काही दिलं आणि आपण घेतलं, की उतरतो. परवा तिने कडीपत्ता घातला होता, तर एक मजला खाली आलो."

"फुकटचा कडीपत्ता घेतला आपण?" मंदाकिनीबाईंना एवढंच ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी बेसन भाजायला घेतलं. सकाळी नऊ लाडू खाली गेले.

"ताई, ह्ये आनी कशापायी?" खालून आवाज आला, आणि दुपारच्या पिशवीत यादीबाहेरची दोन लिंबं होती. मग इकडून चकल्या, तिकडून मिरच्या. दोघींपैकी एकीलाही माघार घ्यायची नव्हती, पण मंदाकिनीबाईंकडे डबे जास्त होते.

"आज एक दिवस रिकामी सोड," अच्युतराव म्हणाले. मंदाकिनीबाईंनी सोडलीसुद्धा. दोन वाव, म्हणजे आठेक हात, दोरी गेली असेल नसेल, की ओढून वर घेतली आणि आत एक सुपारी टाकली.

"माझ्या आईने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही."

"तुझी आई तळमजल्यावर राहत होती," अच्युतराव म्हणाले.

आता यादीत रोज दोरी वाढवायला चऱ्हाट असे. अर्धा किलो तूरडाळ, एक नारळ, चाळीस वाव चऱ्हाट. अच्युतरावांनी शिवणयंत्राचं चाक काढून गॅलरीच्या कठड्याला बसवलं आणि त्याचा रहाट केला. विसाव्या मजल्यावर मोबाइलची रेंज गेली. जाण्यापूर्वी बंगळूरच्या मुलीने विचारलं होतं, आई, तुझ्या मागे ते पांढरं काय आहे? मंदाकिनीबाईंनी वळून पाहिलं आणि ढग म्हणून सांगितलं. मग फोन कटला तो कटलाच.

आणि मग एका सकाळी शंकरपाळ्यांचा डबा गेला. शंकरपाळे कोण मोजतं? घराने मोजले.

त्या दिवशी दोघंही गॅलरीतून हलले नाहीत. आगाशिवाचा डोंगर पायाखाली गेला, त्यातली लेणी मुंग्यांच्या बिळांएवढी झाली. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, ती जागा तळहातावरच्या रेषांसारखी दिसू लागली. घारी खाली घिरट्या घालत होत्या आणि त्यांच्या पाठी दिसत होत्या. मंदाकिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घारीची पाठ पाहिली. ती तपकिरी होती, उन्हात सोन्यासारखी चमकणारी. मग सह्याद्रीची पूर्ण रांग आली, तिच्या कुशीत कोयनेच्या धरणाचं पाणी, आणि त्याच्याही पलीकडे एक लांबच लांब चकाकणारी रेघ.

"तो समुद्र आहे," अच्युतराव म्हणाले. "मी चौतीस वर्षं हे पाणी मोजलं, मंदा. कुठून येतं ते आज दिसलं."

मंदाकिनीबाईंनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्या हातून काहीतरी चूक होते आहे हे त्यांना कळत होतं, पण हे सगळं त्यांना आवडलं होतं हे लपवण्यात अर्थ नाही. इतकं आभाळ एका वेळी त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लगेच लक्षात आली, कारण एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज उशिरा येऊ लागला होता. "लिंबं आहेत का गं?" म्हणून त्यांनी ओरडून विचारलं, की चहा करून पिऊन होई तेव्हा खालून उत्तर येई. चिवडा गेला आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येऊ लागलं. अनारसे गेले आणि चार दिवस लागू लागले. येई ते मात्र स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखं. "हायती की, ताई! पिवळीधम्मक!" तोवर ती लिंबं सरबतात संपलेली असत.

दोरीचं तसं नव्हतं. ती आता घराबरोबर आपोआप लांबत होती. खाली हिसका बसला की तिथल्या तिथे वर समजे. आवाज चार दिवसांपूर्वीचा आणि दोरी आजची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ट्रंक कॉलच्या काळात त्यांनी याहून जास्त वाट पाहिली होती.

मग एका सोमवारी, भांडी विसळताना, त्यांना शेवंताचा खोकला ऐकू आला.

एकच ठसका, भाज्यांची नावं सांगताना, मेथी आणि वांग्यांच्या मध्ये. अच्युतरावांना तो कळलाही नाही. मंदाकिनीबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. माणूस रडून फोनवर आलंय की हसून, हे त्या नुसत्या श्वासावरून ओळखत. हा खोकला धुळीचा नव्हता.

"चार दिवसांपूर्वीचा आहे हा," त्या म्हणाल्या. "आज ती कशी असेल?"

त्या दिवशी हिसका एकच आला, तोही हलका. पिशवी अर्धीच भरलेली होती. तळाशी कडीपत्त्याची एक काडी होती, कुणी न मागितलेली.

मंदाकिनीबाईंनी कपाट उघडलं. तापाच्या गोळ्यांची पट्टी, सुंठीची पूड, ओव्याची पुरचुंडी, तापमापक, लोकरीची घोंगडी, सगळं बांधून त्यांनी पिशवी खाली सोडली आणि घर सर्रकन वर गेलं. समुद्राच्या पलीकडची कड वाकलेली दिसू लागली, दिवसाढवळ्या चांदण्या दिसू लागल्या. इतकं सुंदर त्यांनी काही पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते बघवेना. पुढच्या दिवशी काढा पाठवला, आणखी गोळ्या पाठवल्या, आणि आवाज सहा दिवस मागे पडला. तिला बरं वाटावं म्हणून जे जे पाठवावं, ते तिला आणखी दूर लोटत होतं. पार्किंगच्या गार फरशीवर एक बाई एकटी तापाने फणफणते आहे, तिच्या कपाळावर ठेवायला हात नाही, आणि हे अंतर आपणच लाडू वळून वळून वाढवलं आहे, हे मंदाकिनीबाईंना त्या दिवशी लख्ख कळलं. त्या देव्हाऱ्यापाशी बसून रडल्या.

मग डोळे पुसून त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"तिलाच वर घ्यायचं," त्या म्हणाल्या.

"तिला ताप आहे, मंदा."

"आहे."

"आणि मला एक फुप्फुस."

"म्हणून तर विचारतेय. तुम्ही नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

अच्युतरावांनी गॅलरीतून खाली पाहिलं. खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसती दोरी होती, निळ्यात उतरत गेलेली. मग ते उठले आणि तेलाची बुधली घेऊन चाकाच्या आसात तेल सोडू लागले.

"होल्डॉल काढ," ते म्हणाले. "पिशवीत माणूस मावत नाही."

बदलीच्या गावोगावी गादी बांधून नेलेला तो खाकी होल्डॉल माळ्यावरून खाली आला. मंदाकिनीबाईंनी यादीच्या कागदावर लिहिलं, 'शेवंता, आज आम्हाला काही विकत नको. तूच ये.' कागद आत ठेवला. पुढे त्यांचा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला. झाकण उघडलं, चिमूट भरली. आणि त्यांनी ती चिमूट परत डब्यात सोडली. त्याला फार वेळ लागला.

होल्डॉल रिकामा खाली गेला. घर हललं नाही. मंदाकिनीबाईंना मात्र उघडं पडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कोवळी असतानाच, हिसका बसला. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"जड आहे," अच्युतराव म्हणाले. दोघांनी चाकाचा दांडा धरला आणि ओढायला सुरुवात केली.

शेवंता आपण होऊन येत होती, आणि जितकी दोरी वर येई तितकं घर खाली उतरू लागलं. पायाखालचे बिनखिडक्यांचे मजले एकामागून एक मिटत चालले. चांदण्या विझल्या. समुद्राची कड सरळ झाली. आणि खालून वर येत असलेले शेवंताचे आवाज त्यांना वाटेत गाठू लागले, एकावर एक, सहा दिवसांचं बोलणं.

"मेथी संपली, ताई, पालक चालंल का?" मग खोकला. मग भाजीवर पाणी शिंपडतानाचं गुणगुणणं. "गोळी घेतली बगा." समुद्र डोंगरामागे गेला. "घोंगडी लई ऊबदार हाय." पुन्हा खोकला, लांबलचक. अच्युतरावांना धाप लागली होती, पण त्यांनी दांडा सोडला नाही. "ताई, तुमचं घर आता दिसंना. आभाळातनं नुसती दोरी येतीया. पोथीतलं काहीतरी बगतेय असं वाटतंया मला." धरणाचं पाणी गेलं. घारींच्या पाठी दिसल्या, मग पोटं. "ताई, ऐकू जातंया का?"

"येतंय गं, येतंय," मंदाकिनीबाई ओरडल्या.

आगाशिवाची लेणी समोरून वर सरकली. आता आवाज कालचा होता. शेवंता काहीतरी वाचत होती, एकेक अक्षर लावत. आज. आम्हाला. काही. विकत. नको. तूच. ये. दोरी करकरत होती आणि दोघांचे तळहात सोलवटले होते.

"मी?" शेवंताचा आवाज अगदी जवळून आला, कठड्यापलीकडून आल्यासारखा. "रिकाम्या हातानं कशी येऊ, ताई?"

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. खोकलाही नाही.

घर उतरत उतरत चौथ्या मजल्यावर आलं आणि थांबलं. एवढा एकच मजला राहिला होता. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी गोधडी वाळत होती. कठड्याच्या कडेशी होल्डॉलचा खाकी माथा आला. त्याचे पट्टे आतून आवळून घेतले होते, तोंड पूर्ण मिटलेलं होतं. फक्त एका फटीतून एक हात बाहेर आला होता, हिरव्या बांगड्यांचा, मूठ घट्ट मिटलेला.

"शेवंता," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

होल्डॉल संथ झोके घेत राहिला. कडीपत्त्याचा वास आला.

मंदाकिनीबाईंनी दांडा नवऱ्याच्या हाती दिला, पदराला हात पुसले आणि ओंजळ त्या मुठीखाली धरली. मूठ त्यांच्या बोटांना लागली. ती तापलेली होती. त्यांनी ओंजळ आणखी वर नेली, आणि मुठीचं पहिलं बोट हळूहळू उघडू लागलं.