जुनी पद्धत आणि हेन्रीकाचा जुलै

फिनलंडात जुलै म्हणजे सगळ्यांच्या सुट्टीचा महिना. तेव्हा तांपेरेच्या ऑफिसात कुणी दिसलं, की लोक दोनच गोष्टी धरून चालतात: एकतर माणूस नवा आहे, नाहीतर घरी भांडण झालंय. हेन्रीका दोन्हींत बसत नव्हती. तरी सलग तीन जुलै ती माझ्यासमोरच्या टेबलावर बसून होती, आणि तळ्याकाठच्या त्यांच्या लाकडी घरात नवरा एकटाच लाकडं जाळून सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवत होता.

कारण टेबलाखाली होतं.

आम्ही लोकेरो नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. एका लिनक्स संगणकावर अनेक कामं आपापल्या कंटेनरात, म्हणजे वेगवेगळ्या कप्प्यांत, चालतात. कुणी किती मेमरी खायची, कुणी प्रोसेसर किती वेळ अडवायचा, हे लोकेरो ठरवून देतो. नाहीतर एखादा खादाड सगळी ताटं साफ करतो. हे वाटप लिनक्सला सांगायच्या दोन पद्धती. जुन्या पद्धतीत मेमरीचा कारभारी वेगळा, प्रोसेसरचा वेगळा, डिस्कचा वेगळा, आणि तिघांचं आपसांत पटत नाही. नव्या पद्धतीत कारभारी एकच. जग केव्हाच नव्याकडे गेलं होतं. लोकेरो मात्र दोन्हींशी संसार करत होता. त्यातल्या जुन्याची चाचणी घ्यायला जुनं लिनक्स घातलेलं एक यंत्र हेन्रीकाच्या पायाशी अखंड घुरघुरायचं. हिवाळ्यात त्याची ऊब लागायची, एवढाच त्याचा उपयोग.

"जुनं काढून टाक की," मी दर वर्षी म्हणायचो.

"आणि ओस्मोचं काय?"

जुन्या पद्धतीचा भाग ओस्मोनेच लिहिलेला. आता तो निवृत्त होऊन कुह्मोला, आपल्या गावी राहतो. लोकेरोच्या उन्हाळी आवृत्तीच्या तोंडावर जुना भाग हमखास मोडायचा, आणि दुसऱ्या सकाळी ओस्मोची दुरुस्ती येऊन पडायची. सोबत एकच ओळ: 'आता चालेल.' ती तपासण्यात आणि बाकीच्याशी जुळवण्यात हेन्रीकाचा जुलै जायचा.

"त्याचं काहीतरी चालतंय त्यावर," ती म्हणायची. "उगाच कशाला खपेल? स्की क्लबचं असेल, चर्चचं असेल."

"विचार ना त्याला."

"कसं विचारू? त्याला वाटेल मी काढायला निघालेय."

"निघालीच आहेस."

"म्हणून तर."

आम्ही लोक असेच. शेजाऱ्याचं छप्पर गळताना दिसलं तर ताडपत्री नेऊन देऊ, पण 'गळतंय का' म्हणून विचारणार नाही. उगाच त्याच्या घरात नाक खुपसल्यासारखं होतं.

यंदा जूनच्या सुरुवातीला ओस्मो नातीच्या शाळा संपल्याच्या मेजवानीसाठी तांपेरेत आला आणि वाट वाकडी करून आमच्याकडे बसला. काळसर पारीत बटाटा आणि आंबट लाल रानफळं भरलेल्या रोन्तोनेन आणल्या होत्या. त्याच्या बायकोने, आउनेने, दिल्या होत्या. हेन्रीकाने कॉफी ओतली. दोघं आधी हवेबद्दल बोलले, मग हवेबद्दलही बोलेनात. आवृत्ती तोंडावर आली होती, जुना भाग पुन्हा मोडला होता, आणि हेन्रीकाचा चौथा जुलै जाताना मला दिसत होता. त्या दोघांनी एकमेकांवर आजवर जेवढं सौजन्य खर्चलं होतं, तेवढ्यात एक नवा प्रोग्रॅम लिहून झाला असता. शेवटी मीच तोंड घातलं.

"ओस्मो, जुन्या पद्धतीवर तुझं नेमकं काय चालतं रे?"

हेन्रीकाने माझ्याकडे पाहिलं. कप रिकामा असता तर तो बहुधा माझ्याकडे आला असता.

"माझं?" ओस्मो म्हणाला. "काही नाही. घरचा संगणक मी कधीच नव्यावर नेला."

"मग दुरुस्त्या कशाला पाठवतोस?" हेन्रीकाने विचारलं.

"चाचणी नापास झाली की तुमच्या यंत्राची मेल येते ना मला. वाटलं, यंत्र अजून चालू ठेवलंय म्हणजे तुमचं कुणी मोठं गिऱ्हाईक असणार. आउने ओरडते, जाळ्यात मासे मरून पडलेत आणि तू तिकडे कुणाचं शेत नांगरतोयस."

"यंत्र तुझ्यासाठी चालू ठेवलंय."

"माझ्यासाठी?"

"तू दुरुस्त्या पाठवतोस म्हणून."

ओस्मोने वाकून टेबलाखालच्या यंत्राकडे पाहिलं.

"बाकी कुणी वापरतं का?" ओस्मोने विचारलं.

"जुन्या पद्धतीवर सुरू झाला की लोकेरो इशारा छापतो," मी म्हणालो. "ही पद्धत बंद होणार, अडचण असेल तर कळवा. दोन वर्षं झाली, कुणी चकार शब्द काढला नाही. आणि कुणी निघालंच, तर त्यांच्याकडची जुनी आवृत्ती आपण थोडीच काढून घेतोय."

"इशारा मीही वाचला होता. वाटलं, हेन्रीका बिचारी थकलीय, हात लावावा."

हेन्रीकाने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "तू लिहिलंस, तूच काढ."

ओस्मोने बोटं विजारीला पुसली आणि तो बसला. ओळी पडद्यावरून सरकत होत्या. एका ठिकाणी तो थांबला.

"हे बरं जमलं होतं."

"बरंच जमलं होतं," हेन्रीका म्हणाली. "म्हणून तर एवढं टिकलं."

त्याने तेही काढलं. नव्या पद्धतीच्या सगळ्या चाचण्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. हेन्रीका वाकली आणि तिने टेबलाखालचं बटण दाबलं. घुरघुर थांबली. बाहेरून ट्राम जाते, हे मला त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आलं.

"आता मेल येणार नाही," ओस्मो म्हणाला आणि पाठ सैल सोडून बसला. "आउनेला मात्र इतक्यात कळवू नका. छप्पर रंगवायला चढवेल."

हेन्रीकाचं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याला फोनवर सांगत होती, "यंदा लाकडं जास्त फोड."

जुलैत तिची खुर्ची पूर्ण महिनाभर रिकामी होती. हे मला कसं ठाऊक, ते विचारू नका. आमच्यात विचारत नाहीत.