सातवं घर

वारज्यातलं हे शुश्रूषाघर आम्ही बघितलेलं सातवं. आधीच्या सहांची नावं मला आठवत नाहीत, दोष आठवतात. एकात संडासात धरायला दांडी नव्हती. एकात दुपारी अडीच वाजता सगळे म्हातारे झोपले होते. सगळेच्या सगळे म्हातारे एकाच वेळी आपणहून झोपत नसतात, हे मला कुणी शिकवायला नको. एकात पलंगाला अडकवलेल्या तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या कूस बदलल्याच्या सह्या सकाळीच करून ठेवल्या होत्या.

मी मंदाकिनी. चौतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली शेवटची नऊ वॉर्डची इनचार्ज. मी राउंडला निघाले की नव्या मुली चादरीचे कोपरे पुन्हा ओढून घ्यायच्या. गेल्या दिवाळीत ह्यांना, म्हणजे श्यामसुंदररावांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, वजन तेवढं राहिलं. शकू, आमची मुलगी, म्हणते, आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस, बाबांना कुठेतरी नीट ठेवू या. म्हटलं, ठेवू या. पण जागा मी बघणार.

"तू जागा बघत नाहीयेस, नापास करत सुटलीयेस," शकू जिन्यात म्हणाली. खरं होतं ते, म्हणून मला जास्त राग आला.

मी घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. पावणेदहाला ह्यांना कसंबसं कुशीवरून उताणं करून निघाले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात; म्हणजे आता पावणेबाराला. आम्ही राहतो हडपसरला. शेजारची तुळजाबाई ह्यांच्यापाशी बसली होती, पण तिला मी बजावलं होतं, पाणी पाज, टीव्ही लाव, कूस बदलायला जाऊ नकोस. भलतीकडून ओढलं तर लुळा खांदा निखळतो.

"चला, लवकर दाखवा," मी म्हणाले.

इथली मुख्य सिस्टर कमरजहां, चाळिशीची, मोजकं बोलणारी. मी गाद्या दाबल्या, उशा हुंगल्या, संडासात जाऊन आले. तक्ते बघितले. दहापर्यंतच्या सह्या होत्या, बाराची जागा कोरी. मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं.

"एखाद्या पेशंटची पाठ बघू दे."

हे ऐकल्यावर बाकीच्या ठिकाणी चेहरे बघण्यासारखे झाले होते. कमरजहां एका पलंगापाशी वाकली. "गेनबाकाका, पाठ दाखवू का ह्यांना?"

"दाव की," म्हातारा म्हणाला. "जमीन बघाया आल्यावानी समदे येत्यात. बघा बाई, कुटं खड्डा हाय का."

पाठ स्वच्छ. टाचा स्वच्छ. माकडहाडावर साधी लालीसुद्धा नाही. नापास करायला कारण उरलं नाही, आणि त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी मी टाचा पुन्हा एकदा तपासल्या.

"आता आम्हालाही बघायला यावं लागेल," कमरजहां म्हणाली. "पेशंट घ्यायच्या आधी घरी येऊन पाठ बघतो. जखम असली तर कागदावर लिहून घेतो. मागाहून भांडण नको."

"त्याची गरज नाही. मी स्वतः सिस्टर आहे."

"मग तर तुम्हाला ठाऊकच असेल, मॅडम."

शकूनं लगेच चारची वेळ ठरवून टाकली.

परतताना ट्रॅफिकमध्ये गाडी जागेवरून हलेना. पावणेबारा कधीच होऊन गेले होते. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. ह्यांच्या माकडहाडावर जखम होती, रुपयाएवढी. आधी लाल झाली, मग फोड आला, मग फुटला. मी रोज ड्रेसिंग करत होते आणि शकू यायच्या आधी चादर छातीपर्यंत ओढून ठेवत होते. माझ्या वॉर्डात असं झालं असतं तर त्या मुलीला मी रडवलं असतं.

कमरजहां चारला पाच कमी असताना आली.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," मी दारातच म्हणाले.

हे टक्क उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होते. कमरजहां सरळ आत गेली. हात धुऊन आली. "बाबा, डाव्या कुशीवर घेते हं," असं ह्यांना सांगून तिनं एक हात खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, आणि शकूच्या मदतीनं ह्यांना अलगद वळवलं. मी शेकडो मुलींना शिकवलं होतं, अगदी तसंच. मग तिनं पट्टी सोडवली.

"आई, हे काय?" ह्यांना धरल्या धरल्या शकू म्हणाली.

"किती दिवसांची?" कमरजहांनं विचारलं.

"चार."

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. जखमेचं वय जखमच सांगते. मलाही ते एका नजरेत कळायचं.

"एकवीस," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. आणि तो आकडा कागदावर बघताना मला हिशोब लागला. एकवीस दिवसांपूर्वी आम्ही पहिलं घर बघायला गेलो होतो. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक खेपेला चार-पाच तास हे उताणे पडून राहिले, कारण दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा हुकूम माझा. जिथे ही जखम होणार नाही अशी जागा मी शोधत होते, आणि त्या शोधानंच ती केली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कागदाच्या तळाशी सहीसाठी दोन जागा होत्या. चौतीस वर्षांच्या सवयीनं मी 'सिस्टर' लिहिलेल्या जागेवर पेन टेकवलं. कमरजहांनं कागद किंचित सरकवला. 'नातेवाईक' माझ्या पेनाखाली आलं. मी सही केली.

"पुढची कूस सहाला," ती म्हणाली. "तुम्ही एकट्याच बदलता?"

शकू माझ्याकडे बघत होती. तुळजाबाई दारात उभी होती. पुन्हा खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी.

"मला उचलवत नाहीत हे," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून उचलवत नव्हते."