मागच्या पेशींचा निळा रंग

जळगावच्या एका प्रयोगशाळेत कामिनी मॅडम श्लेष्मबुरशीवर काम करायच्या. खायला मिळेनासं झालं की या जीवाच्या सुट्या पेशी एकत्र येतात आणि त्यांचा इवलासा गोळा गोगलगाईसारखा सरपटू लागतो. शेवटी तो थांबून उभा राहतो, तेव्हा पुढच्या पेशींचा देठ होतो, मागच्यांचे बीजाणू. देठाचं एक जनुक फक्त पुढच्याच पेशींत चालू असतं. जनुकाच्या अलीकडचा डीएनएचा छोटा तुकडा ते चालू करतो, असं मॅडम परिषदांमधून ठासून सांगत आल्या होत्या.

मंतशा त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिने तो तुकडाच काढून टाकला. जनुक चालू असेल तिथे पेशी निळी व्हावी, अशी सोय केलेली होती. मॅडमच्या हिशेबाने निळा रंग आता कुठेच दिसायला नको होता. तो पुढे दिसला आणि मागेही.

"नळ्यांची अदलाबदल केलीस तू," बैठकीत मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"नाही मॅडम, मी पुन्हा करून..."

"एवढा निष्काळजीपणा असेल तर हे काम तुझं नाही."

कुणीतरी हसलं. मंतशा त्याच दुपारी धुळ्याला घरी निघून गेली.

तिला खोटं पाडायचं म्हणून मॅडमनी सगळा प्रयोग पहिल्यापासून स्वतः केला. सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या पेशी निळ्याशार होत्या. म्हणजे तो तुकडा जनुक चालू करत नव्हता, मागच्या पेशींत त्याला बंद ठेवत होता.

मॅडमचे कान तापले. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या स्वप्नील या विद्यार्थ्याने विचारलं, "काय आलं?"

"बघू नंतर," त्या म्हणाल्या. त्या उत्तराचीही त्यांना लाज वाटली.

फोन करायचा धीर झाला नाही. एसटीने त्या धुळ्याला गेल्या. मंतशाची आई अमिनाबी लगबगीने खुर्ची पुसत म्हणाली, "पोरीचं काही चुकलं असंल, मॅडम. एक डाव माफ करा तिला."

मॅडमना मान वर करवेना. "चूक तिची नाही, माझी आहे."

मंतशा आतल्या दारात उभी होती. "मागे निळा आला?"

"आला."

तिचा चेहरा उजळला, पण क्षणभरच. "हे तिथे सांगाल? सगळ्यांसमोर?"

सोमवारच्या बैठकीत मॅडमनी सांगितलं. केलेला आरोप, मनातला हेतू, काहीच लपवलं नाही. मग त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मंतशा फळ्यापाशी उभी राहिली.

शोधनिबंधावर मंतशाचं नाव पहिलं आलं. 'माफ केलं' असं मात्र ती कधी म्हणाली नाही, आणि मॅडमनीही ते मागितलं नाही.