डिस्क उचलायची नाही

"बेल्ट काढू का तुझा?" पद्माकरने पुन्हा विचारलं. सुलक्षणा गाडीच्या काचेबाहेर बघत राहिली. पार्कात पाऊस नव्हता, नुसती ओल होती. नॉटिंगहॅमच्या नोव्हेंबरकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

तेवढ्यात ब्रिस्टलहून वरदाचा फोन आला. लेक इथेच जन्मलेली, मराठी आईकडून शिकली होती तेवढीच.

"बाबा, मंडेला सकाळीच केअर होमला पोचायचं आहे. आईचा बॅग मी लास्ट वीकेंडला आले तेव्हाच पॅक केला आहे. तू तिला सांगितलास?"

"आज सांगतो."

"कालपण तू हेच बोलला."

"आधी डिस्क गोल्फचा एक राउंड खेळू दे आम्हाला."

"या कोल्डमध्ये? तिला काही आठवणार नाही, बाबा."

ते त्यालाही ठाऊक होतं. पण सुलक्षणाचे हात घरी अजून टॉवेलच्या नीट घड्या घालत होते. डिस्क हातात आली, की कदाचित क्षणभर ती जुनी सुलक्षणा मागे वळेल, त्याच्या थ्रोला नावं ठेवेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. सोमवारचं त्याला त्या सुलक्षणाला सांगायचं होतं. तिला न विचारता ठरवलं, माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगून त्याचं ओझं उतरणार नव्हतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी ती दोघं याच पार्कात फिरायला आली होती. ती लहान मुलांची डॉक्टर, तो त्याच हॉस्पिटलात मशीनं दुरुस्त करणारा. बायकोच्या व्हिसावर गेला म्हणून पुण्यातले नातेवाईक त्याला टोमणे मारत. तर त्या दिवशी प्लास्टिकची एक तबकडी भिरभिरत सुलक्षणाच्या पायाशी येऊन पडली. कुणाची वस्तू पडली की नेऊन द्यायची, ही तिच्या घरची शिस्त. तिने ती उचलली, स्कार्फने चिखल पुसला आणि पळत जाऊन एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाच्या हातात दिली.

तो माणूस कपाळाला हात लावून हसायलाच लागला. "डिस्क उचलायची नाही, लव्ह. जिथे पडेल तिथून पुढचा थ्रो." त्याच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा थ्रो तिने परत आणून दिला होता. सुलक्षणा शरमेने लाल झाली, आणि भरपाई म्हणून खेळ बघत थांबली. संध्याकाळपर्यंत ती स्वतः फेकत होती. पद्माकरपेक्षा चांगली, हे सांगायला नकोच.

तेव्हा डिस्क झेलायला साखळ्यांच्या बास्केट कुठल्या! झाडाचं खोड हेच लक्ष्य. धुक्यात नेमकं झाड कुठलं, यावरून दर रविवारी वाद व्हायचे. मग सुलक्षणाने मामींनी आहेरात दिलेली केशरी नायलॉनची साडी कापली. "मामींना कळलं तर?" पद्माकर घाबरला होता. "कळू दे. नेसली तरी असती का मी?" म्हणत तिने झाडाझाडाला पट्ट्या बांधल्या. पुढे कितीतरी वर्षं इंग्रज मंडळी लांबून आधी ते केशरी शोधत.

आता पहिल्या ओकच्या झाडापुढे कौन्सिलची चकचकीत बास्केट होती. पद्माकरने तिची जुनी पांढरी डिस्क तिच्या हातात दिली.

"टाक. तुझीच पाळी आहे."

तिने डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. "नको, माझं जेवण झालंय."

मग त्याने स्वतःच फेकली. खांदा दुखत असूनही डिस्क सरळ गेली आणि बास्केटच्या अलीकडे गवतात पडली.

सुलक्षणा टक लावून बघत होती. अचानक ती निघाली. ओल्या गवतातून थेट डिस्ककडे गेली, वाकली, डिस्क उचलून बास्केटसमोर उभी राहिली. तिथून ती कधी चुकत नसे. सोमवारचं वाक्य पद्माकरच्या ओठांवर आलं.

तिने स्कार्फने डिस्क पुसली, लगबगीने परत आली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"एक्स्क्यूज मी, इज दिस युवर्स?"

एवढ्या संसारात ती त्याच्याशी कधी इंग्रजीत बोलली नव्हती. भांडतानासुद्धा नाही. इंग्रजी बाहेरच्यांसाठी होती. सोमवारचं वाक्य त्याने गिळलं. ते ऐकायला आता कुणी नव्हतं, आणि त्याला रडू येत होतं.

"येस. थँक यू सो मच," तो म्हणाला.

ती हसली. वॉर्डात एखाद्या मुलाच्या बापाला धीर देताना हसायची तशी. मग जागेवर उभी राहून वाट बघू लागली.

पद्माकरने पुन्हा डिस्क फेकली. या वेळी जवळच टाकली, तिला फार चालावं लागू नये म्हणून.